चिठ्ठीविना औषध

यशवंतपूरच्या औषधविक्रेत्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना प्रतिजैविक नाकारले, तर त्यास आडमुठेपणा म्हणू नये. प्रतिजैविके मनाने घेतल्यास रोगजंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणूनच औषधे नियम, १९४५ नुसार अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ व ‘एक्स’मधील औषधे किरकोळ ग्राहकास नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देता येतात.

मात्र डॉक्टर, दवाखाना वा रुग्णालय यांना साठ्यासाठी ही औषधे पुरविताना प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी लागत नाही. स्वाक्षरी केलेले लेखी मागणीपत्र लागते. विक्रेत्याने ते दोन वर्षे जपून ठेवायचे असते. चिठ्ठी नसली, तरी जबाबदारीची सही सुटत नाही.

विचार करा : मागणीपत्र जपून का ठेवावे?