मोटारीची छुपी कळ

मोटार चोरणारा मनुष्य कुलपाला फारसा भीत नाही. तो भितो वेळेला. दाराची काच फोडणे किंवा झिजलेल्या कुलपात दुसरीच किल्ली फिरविणे ही त्याच्या दृष्टीने काही क्षणांची कामे होत. परंतु चालकाच्या जागेवर बसल्यानंतर इंजिन सुरू होईना, तर प्रत्येक मिनिट त्याला जड जाते आणि पुष्कळदा तो मोटार तशीच सोडून निघून जातो. छुप्या कळीचा उपाय या गोष्टीवर आधारलेला आहे. तिच्यामुळे मोटार अभेद्य होत नाही. दोरखंडाने ओढून नेणाऱ्यापुढे ती निरुपयोगीच आहे. ती केवळ चोराचा वेळ खाते. मात्र तो किती खाईल, हे कळीच्या किमतीवर अवलंबून नसून ती विद्युत् मंडलात नेमकी कोठे बसविली आहे, यावर अवलंबून असते.

ठिणगीचा मार्ग

उदाहरणादाखल जुन्या बनावटीची अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी घेऊ. अँबॅसडर बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असे. पद्मिनी मुंबईत कुर्ला येथे तयार होई; तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता या मोटारी मुख्यतः हौशी मालकांनी जपलेल्या आढळतात. त्यांची कुलपे साधी असतात आणि त्यामुळेच हा उपाय त्यांना विशेष उपयोगी पडतो.

या मोटारींतील प्रज्वलनाची पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभी चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने रूढ केली. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह किल्लीच्या कुलपातून कॉइलमध्ये, तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटमध्ये आणि पॉइंटमधून मोटारीच्या बॉडीत जातो. पॉइंट जुळलेले असताना कॉइलमधून सुमारे ४ अँपिअर प्रवाह वाहतो व तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हाच दाब डिस्ट्रिब्यूटर आळीपाळीने प्रत्येक स्पार्क प्लगकडे पोहोचवितो. म्हणजे एवढ्या अवजड यंत्राची गती शेवटी एका बारीक तारेवर अवलंबून असते. ती तार खंडित झाली की ठिणगी पडत नाही.

स्टार्टरची व्यवस्था याहून निराळी आहे. त्याला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो व तो जाड केबलमधून जातो. बहुतेक मोटारींत किल्ली केवळ एका बारीक तारेने त्याच्या सोलेनॉइडला इशारा देते.

कळ कोठे बसवावी?

कळ बसविण्यास तीन जागा संभवतात.

पहिली जागा स्टार्टरच्या इशाऱ्याच्या तारेत आहे. ही सर्वांत निर्धोक होय. कारण धावत्या मोटारीत कळ बिघडली तरी इंजिन बंद पडत नाही. परंतु दोघांनी धक्का मारला किंवा मोटार उतारावर उभी असली, तर ती स्टार्टरवाचूनही सुरू होते.

दुसरी जागा कुलूप व कॉइल यांच्यामधील तारेत आहे. येथे धक्क्याचा उपयोग होत नाही. तथापि सराईत चोर कुलपाच्या वाटेला जात नाही. तो बॅटरीपासून कॉइलपर्यंत स्वतंत्र तार ओढतो. असे केल्याने कुलूप आणि छुपी कळ ही दोन्ही एकदमच बाजूला पडतात.

तिसरी जागा कॉइल व पॉइंट यांच्यामध्ये आहे. चोराने आणलेला प्रवाह कॉइलपर्यंत पोहोचतो, परंतु पुढे बॉडीत जाण्याची वाट बंद असते. स्टार्टर फिरतो, पेट्रोलचा वास येतो, पण इंजिन पेट घेत नाही. मोटारीत मुद्दाम काही केलेले आहे असे न वाटता ती नादुरुस्त आहे असे वाटते. चोरीपुरता विचार केला तर हीच जागा उत्तम.

या लाभाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. दुसऱ्या व तिसऱ्या जागी बसविलेली कळ हादऱ्याने उघडली, तर इंजिन भर रस्त्यात बंद पडते. ज्या मोटारीच्या ब्रेकला इंजिनच्या निर्वातामुळे साहाय्य मिळते, तिचा ब्रेक अशा वेळी काही दाबांनंतर फार जड होतो. चोरीपासून रक्षण करताना जिवाला धोका निर्माण होणे हा सौदा वाईटच. म्हणून कळ हलकी घेऊ नये आणि चालकाचा गुडघा किंवा लहान मुलाचा हात सहज लागेल अशा ठिकाणी ती कदापि बसवू नये.

जोडणीतील दक्षता

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक सोडवावे. कळ किमान १० अँपिअर क्षमतेची असावी. पॉइंट उघडतात त्या क्षणी तिसऱ्या जागेच्या तारेवर काही शे व्होल्टचा दाब येतो. म्हणून जाड वेष्टनाची तार वापरावी. सांधे केवळ पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये. डाख देऊन त्यांवर रोधक नळी चढवावी. इंजिनकडील पत्र्यातून तार आत आणताना छिद्राला रबरी कडे बसवावे, अन्यथा पत्र्याच्या धारेने वेष्टन कापले जाईल. नवी तार जुन्या तारांच्या रंगाची घेऊन त्यांच्याच जुडग्यात बांधावी. एकटी लोंबणारी लाल तार पाहणाऱ्याला थेट कळीपर्यंत नेते.

डिझेल मोटारींना यातील तिसऱ्या जागेचा उपाय लागू पडत नाही, कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे इंधनच रोखावे लागते.

नव्या मोटारी

नव्या मोटारींत हेच तत्त्व कारखान्यातच योजलेले असते. किल्लीत एक सूक्ष्म चिप असते. तिची सांकेतिक खूण जुळल्याशिवाय मोटारीतील संगणक इंजिन चालू देत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तेथील २०१५ सालच्या मोटारींपैकी ह्युंदाई व किया यांच्या केवळ २६ टक्के प्रकारांत ती मूळचीच बसविलेली होती. इतर कंपन्यांच्या बाबतीत हे प्रमाण ९६ टक्के होते. २०२१ नंतर चोरांचा रोख नेमका या दोन कंपन्यांच्या किल्लीवर चालणाऱ्या मोटारींकडे वळला. इंजिन रोखण्याच्या उपायाचे महत्त्व यावरून स्पष्ट व्हावे.

अशा मोटारीत स्वतः तारा कापू नयेत. संगणकाच्या किंवा एअरबॅगच्या तारेला धक्का लागल्यास नुकसान मोठे होते आणि कंपनीची हमीही धोक्यात येते. विजेवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा प्रवाह तोडणारी कळ काही जण बसवून घेतात. परंतु नळीत उरलेल्या दाबामुळे इंजिन थोडा वेळ चालते आणि मग रहदारीत बंद पडते. नव्या मोटारीच्या मालकाला स्टिअरिंगला लावावयाचे दृश्य कुलूप अधिक हितावह होय.

शेवटी, छुपी कळ ही सवयीची वस्तू आहे. पाच मिनिटांसाठी उतरतानाही ती बंद करावयास हवी. नेमकी त्याच पाच मिनिटांत मोटार जाऊ शकते. घरात जे मोटार चालवितात त्यांना तिची जागा ठाऊक असावी. मोटार दुरुस्तीला अथवा धुण्यास देताना मात्र कळ चालू ठेवूनच द्यावी, म्हणजे तिच्याविषयी कोणाला काही सांगण्याचा प्रसंग येत नाही. कळीची जागा जितक्या थोड्यांना ठाऊक, तितका चोराचा शोध लांबतो. आणि शोध लांबविणे एवढेच तिचे काम आहे.