गळत होता वॉशर, आवळला बोल्ट

ड्रेन बोल्टखाली ऑइलचा थेंब दिसला की हात आधी पान्याकडे जातो. माझाही गेला. मोटारसायकलचं ऑइल आदल्या दिवशीच घरी बदललं होतं. बोल्ट थोडा आवळला, तरी थेंब थांबेना. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि जोर दिला. घट्ट होत आलेला बोल्ट एकदम हलका फिरायला लागला. बाहेर काढला, तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. क्रँककेसचे आटेच निघून आले होते.

ऑइल आटे अडवत नाहीत. बोल्टच्या डोक्याखालचा मऊ वॉशर दबतो आणि तो अडवतो. एकदा दबलेला वॉशर मी पुन्हा घातला होता, गळती तिथली होती. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये या बोल्टला २४ न्यूटन-मीटर पीळ सांगितला आहे. म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा जोर. पाइप लावून दांडा ६० सेंटिमीटरचा केला, की तेवढाच जोर तिप्पट पीळ देतो. बोल्ट पोलादाचा असतो, त्यामुळे आधी ॲल्युमिनियमच जातं.

इथे थांबलो असतो तर थोडक्यात निभावलं असतं. पण मी आटे पाडत आत जाणारा जाडा बोल्ट आणून हातानेच घुसवला. तो तिरका गेला. डोकं एका बाजूने टेकलं, दुसरीकडे फट राहिली, वॉशरला सपाट बैठकच उरली नाही. नळाला लावतात तशी टेफ्लॉन टेप गुंडाळून पाहिली. ऑइल मागच्या टायरपर्यंत पोचलं आणि एका वळणावर चाक सरकलं. पडलो नाही, पण त्या दिवसापासून गाडी उभी केली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारागिरानं ती वाचवली. इंजिन उतरवून क्रँककेस खोलली, मशीनवर भोक सरळ करून आतून-बाहेरून आटे असलेला बुश बसवला आणि वॉशरची बैठक सपाट केली.

भोक सरळ असेल तर एवढं करावं लागत नाही. नवे आटे देणारी स्टेनलेस तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, पुरते. इंजिन कव्हरच्या ६ मिलिमीटर बोल्टसाठी ६.३ चा ड्रिल आणि आटे पाडायला कॉइलच्या किटमधलाच टॅप लागतो, साधा ६ चा टॅप चालत नाही. टॅप काटकोनात धरावा, रॉकेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवावा. घाई केली तर टॅप आत मोडतो, आणि तो काढणं आटे पाडण्यापेक्षा कितीतरी अवघड. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवून तळाची शेपटी मोडून बाहेर काढायची. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्याला चिकटतो. ड्रेनचं भोक असेल तर बोल्ट लावण्याआधी थोडं ऑइल ओतून वाहू द्यावं. कीस आत राहिला तर बेअरिंग खातो.

स्पार्क प्लगच्या भोकाचे आटेही असेच निघून येऊ शकतात, म्हणून तो इंजिन गार झाल्यावरच काढा. आणि कुठलाही बोल्ट पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवा. अडला तर उलटा फिरवून काढा आणि पुन्हा सरळ लावा, तोवर पान्याला हात लावू नका.

पुढच्या वेळी ऑइलचा डबा घ्याल तेव्हा ड्रेन बोल्टचा नवा वॉशरही मागून घ्या.