चेहऱ्यावरची जन्मखूण आणि धर्मार्थ शस्त्रक्रिया

धर्मार्थ शस्त्रक्रियेच्या शिबिराची वार्ता तालुक्याला पोहोचली, की चेहऱ्यावर जन्मतःच डाग घेऊन आलेल्या मुलांचे आईबाप ज्या आशेने धाव घेतात, ती आशा मी तहसील कचेरीत अव्वल कारकून असताना उत्पन्नाच्या दाखल्यांच्या निमित्ताने अनेक वर्षे समोर पाहिली, आणि निवृत्तीनंतर अशा शिबिरांच्या नोंदणीच्या मेजावर बसून तिचे पुढे काय होते हेही पाहिले. त्या अनुभवातून मनाशी पक्के झालेले आधीच सांगून टाकतो. शस्त्रक्रिया मोफत कोठे होते हा प्रश्न दुसरा. खूण कोणत्या जातीची आहे हा पहिला. हा क्रम उलटला, की दात्याचे औदार्य, शल्यविशारदाचे कौशल्य आणि आईबापांची पायपीट ही तिन्ही असूनही मूल उपचाराला मुकते.

या शिबिरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित, अपघाताने अपंगत्व आलेले असताना आणि कर्करोगाने स्वरयंत्र हिरावून नेलेले असताना, दरवर्षी मायदेशी येत आणि दुभंगलेले ओठ, मिटलेल्या पापण्या, चेहऱ्यावरची व्यंगे घेऊन आलेल्या सहस्रावधी गोरगरिबांवर एक पैसाही न घेता शस्त्रक्रिया करीत. पुण्यात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरविली. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ मध्ये ते निवर्तले. परंतु दुभंगलेला ओठ योग्य वयात बहुधा एका शस्त्रक्रियेत सांधता येतो, म्हणून दोन-चार दिवसांच्या शिबिरात त्याला न्याय मिळतो. जन्मखुणेचे तसे नाही. काही खुणा वयाबरोबर आपोआप ओसरतात, काही जन्मभर वाढतात, काहींना औषध लागते, काहींना लेसर, आणि ज्यांना शस्त्रच लागते त्यांनाही ते पुष्कळदा टप्प्याटप्प्याने लागते.

माझ्या मुलीच्या मुलीला जन्माच्या वेळी काहीच नव्हते. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पापणीवर लाल ठिपका दिसू लागला आणि बघता बघता तो फुगून पापणी खाली ओढू लागला. गर्भारपणी ग्रहणात काही चिरले-कापले असेल, असे म्हणून शेजारच्या बायकांनी माझ्या मुलीलाच दोषी ठरविले. कोणी बिब्बा लावण्याचे सुचविले, तो सुदैवाने लावला गेला नाही, कारण बिब्ब्याने त्या कोवळ्या कातडीवर भाजल्याचा कायमचा व्रण उठला असता. गावच्या दवाखान्यातून सल्ला मिळाला, की असे लाल डाग आपोआप जातात, वाट पाहा. हा सल्ला पुष्कळ मुलांच्या बाबतीत यथार्थ असतो. ही रक्तवाहिन्यांची गाठ पहिल्या पाच-सहा महिन्यांत झपाट्याने वाढते, वर्षानंतर ओसरू लागते आणि पुढील काही वर्षांत बहुतांशी विरून जाते. पण पापणीवर ती असली, तर ज्या महिन्यांत बालकाची दृष्टी घडत असते त्याच महिन्यांत ती डोळा झाकते, आणि तेथे वाट पाहणे म्हणजे दृष्टी गमावणे होय. हिवाळ्यातील शिबिरात नातीला नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी तिला उजेडाकडे वळवून पाहिले आणि माझ्या मुलीला म्हटले, "ताई, हिला चाकू लागायचा नाही, औषध लागेल, पण आता एक दिवसही दवडू नका." त्यांनी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयातील बालरोग विभागाकडे चिठ्ठी दिली. तेथे हृदयाची तपासणी करून प्रोप्रानोलॉल सुरू झाले. मुळात हृदयरोगासाठी आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे हे औषध या गाठींवर चालते, हे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये जगापुढे आणले. गाठ आक्रसली, पापणी उघडली. त्या डोळ्याची दृष्टी मात्र मंद राहिली, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्या डोळ्याकडून काम करून घेण्याचा क्रम अजून चालू आहे.

म्हणून डोळ्याभोवती, नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर किंवा हनुवटी-गळ्याच्या भागात वाढती लाल गाठ दिसली, तर शिबिराच्या तारखेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञाकडे जावे. हनुवटीकडच्या गाठीबरोबर श्वासनलिकेतही गाठ असू शकते आणि मूल श्वास घेताना आवाज करू लागते. प्रोप्रानोलॉल हे औषध वैद्याच्या देखरेखीशिवाय देऊ नये. बाळाचे पोट भरलेले असतानाच द्यावे, आणि ते पीत नसेल वा ओकत असेल तर डोस न देता डॉक्टरांना विचारावे, कारण त्याने रक्तातील साखर घसरते. याउलट जन्मापासूनच असलेला, सपाट, जांभळट-लाल डाग ओसरत नाही. वयाबरोबर तो गडद आणि जाड होतो. त्यावर लेसरच्या अनेक बैठका हा मार्ग आहे, आणि घाईने कापल्यास डागाच्या जागी व्रण येतो. तो कपाळावर व वरच्या पापणीवर असल्यास मेंदूची आणि डोळ्यातील दाबाची तपासणी आधी करावी. झटके येऊ लागेपर्यंत थांबू नये.

आता ज्यांना शस्त्रच हवे त्यांच्याविषयी. गालभर काळा, केसाळ डाग असलेल्या एका ऊसतोड कामगाराच्या मुलाची नोंदणी मीच केली होती. असा मोठा डाग काढताना शेजारच्या निरोगी कातडीखाली सिलिकोनची पिशवी बसवितात, दर आठवड्याला सुईने तीत थोडे थोडे द्रव भरून कातडी ताणतात, आणि पुरेशी कातडी तयार झाली की दुसऱ्या शस्त्रक्रियेत डाग काढून ती त्या जागी ओढून घेतात. शिबिरवाल्यांनी पहिला टप्पा दसऱ्याच्या सुमारास उरकला. मुकादमाची उचल घेतलेले कुटुंब लागलीच कारखान्याच्या फडावर गेले. आठवड्याच्या सुईची तजवीज कोणी केली नव्हती. पिशवीत पू झाला आणि ती काढून टाकावी लागली. त्या बापाला बेफिकीर म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, हे नोंदणी करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे, आणि अशा मुलाचे दोन्ही टप्पे पावसाळ्यात बसवायला हवेत. आईबापांनीही पहिल्या सहीपूर्वी विचारावे : टप्पे किती, मधल्या काळात मुलाला कोण पाहणार, रात्री ताप आला तर कोणाच्या दारी जायचे? याचे उत्तर ज्या शिबिरापाशी नाही, तेथे शस्त्रक्रिया करून घेऊ नये, मग ती कितीही मोफत असो. अशा मोठ्या डागांत पुढे कर्करोग होण्याचा धोका असल्याने अर्धवट राहिलेले काम सोडूनही देता येत नाही. डागावर गाठ, जखम वा रंगबदल दिसताच दाखवावे.

खर्चाची वाट शिबिरापुरतीच मर्यादित नाही, हे लोकांना माहीत नसते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. अमुक उपचार योजनेत बसतो काय, हे त्याच्याकडून आधी कळून घ्यावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. तेथील समाजसेवकाला भेटून शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला दाखवावा. कारकुनीच्या अनुभवाने एक पुस्ती जोडतो : डॉक्टरांच्या शिफारसपत्रात डाग जन्मजात असल्याचे आणि त्याने दृष्टी, श्वास वा खाणे यांपैकी कशाला बाधा येते त्याचे स्पष्ट विधान मागून घ्यावे, केवळ सौंदर्यासाठीचा उपचार समजून अर्ज बाजूला पडलेले मी पाहिले आहेत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी मूल रडते आणि आजीचा जीव कळवळतो; पण भूल देताना पोटातले दूध उलटून फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते. अंगावरचे दूध चार तास आधी, इतर अन्न सहा तास आधी बंद, हा जाबता मोडू नये, आणि चुकून काही पाजले गेलेच तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

राहिली छायाचित्रांची गोष्ट. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र वैद्यकीय नोंदीसाठी आवश्यक असते. पण तेच दात्यांच्या पत्रकावर, फलकावर आणि पुढे मोबाइलवर फिरू लागते, आणि जे मूल डाग विसरून शाळेत जाऊ पाहते त्याला वर्गातले कोणी तरी ते चित्र आणून दाखवते. उपचाराची संमती आणि छायाचित्र छापण्याची संमती यांची दोन स्वतंत्र पत्रे असावीत, दोन्ही मराठीत असावीत आणि वाचून दाखविली जावीत. दुसऱ्यावर सही न करणाऱ्याचे मूल रांगेत मागे सरकता कामा नये. आमच्या मेजावर आम्ही ही दोन पत्रे आता वेगळी ठेवतो, आणि दुसरे पत्र शस्त्रक्रिया होऊन मूल घरी जाईपर्यंत पुढे करीत नाही.