सेकंदांचे तास आणि टाकून दिलेली बाकी

आपल्या नेहमींच्या अंकगणितांत दहा एककांचा एक दशक व दहा दशकांचें एक शतक होतें. काळाच्या मोजणींत मात्र ही चढण साठांची आहे: ६० सेकंदांचें एक मिनिट व ६० मिनिटांचा एक तास. ही साठांची रीत प्राचीन बाबिलोनच्या गणनेपासून चालत आली आहे. आपल्या पंचांगांतही ६० पळांची एक घटका व ६० घटकांचा एक दिवस धरतात. दहांच्या व साठांच्या या दोन रीतींची गल्लत झाली, कीं सोपें उदाहरणही चुकतें. म्हणून या विषयाचा येथें थोडा विचार करूं.

१२ ऑक्टोबर २०१९ रोजीं ऑस्ट्रिया देशांतील व्हिएन्ना नगरांत केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे यानें मॅरेथॉन दौडीचें ४२.१९५ किलोमीटर अंतर ७,१८० सेकंदांत पुरें केलें. त्यास किती तास लागले?

प्रथम सेकंदांस ६० नें भागावें. भागाकार ११९ मिनिटें येतो व बाकी ४० सेकंद उरते. मग ११९ स पुन्हां ६० नें भागावें. भागाकार १ तास व बाकी ५९ मिनिटें. उत्तर, १ तास ५९ मिनिटें ४० सेकंद. पहिली बाकी सेकंदांची व दुसरी मिनिटांची, हें ध्यानांत ठेवावें. ताळा उलट क्रमानें पाहावा: १ × ६० + ५९ = ११९; ११९ × ६० + ४० = ७,१८०.

संख्या कितीही मोठी असली तरी रीत हीच. दहा लक्ष सेकंदांचीं १६,६६६ मिनिटें होऊन ४० सेकंद उरतात. त्या मिनिटांचे २७७ तास होऊन ४६ मिनिटें उरतात. तासांस २४ नें भागल्यास ११ दिवस होऊन १३ तास उरतात.

कित्येक विद्यार्थी ७,१८० स एकदम ३,६०० नें भागतात व १.९९४४… तास असें उत्तर काढतात. हें चूक नव्हे. पण कोणी त्यांतील.९९ म्हणजे ९९ मिनिटें समजतात! तीं मिनिटें नव्हत, तासाचे शतांश होत. दुसरे कोणी पुढील अंक तोडून १.९९ तासच धरतात. त्यांचे १ तास ५९ मिनिटें २४ सेकंद होतात. म्हणजे १६ सेकंद नाहींसे झाले.

इतक्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. त्यास आम्ही पुढील हकीकत सांगूं.

आखाती युद्धांत सौदी अरेबियांतील धाहरान येथें अमेरिकेचें पेट्रियट यंत्र होतें. येणारें क्षेपणास्त्र हेरून तें हवेंतच पाडणें हें त्याचें काम. त्याचें घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी, व त्या संख्येस एक-दशांशानें गुणून सेकंद काढले जात. परंतु संगणक ० व १ या दोनच अंकांनीं संख्या लिहितो. आपल्या पद्धतींत एक-तृतीयांश जसा ०.३३३… असा कधींच संपत नाहीं, तसा त्या पद्धतींत एक-दशांश संपत नाहीं. यंत्रांत २४ अंकांपुरती जागा होती; पुढील भाग टाकून दिला होता. ही चूक दर दशांशामागें सेकंदाच्या एक-कोट्यांशाहूनही किंचित् कमी होती.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजीं तें यंत्र सुमारें १०० तास अखंड चालू होतें. १०० तासांचे ३,६०,००० सेकंद, म्हणजे ३६,००,००० दशांश. तितक्या मोजणींत ती चूक सांचून सुमारें ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या अवधींत इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटराहून अधिक अंतर कापी. यंत्रानें भलत्याच ठिकाणीं शोध घेतला; क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासस्थानावर पडलें व २८ अमेरिकन सैनिक प्राणांस मुकले. दुरुस्त केलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशीं तेथें पोहोंचली.

लहान गोष्टींतही विश्वासू असावें, हें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. गणिताच्या वहींतही तें पाळावयाचें असतें. बाकी मांडावी, तिच्यापुढें तिचें परिमाण लिहावें, आणि ताळा पाहिल्यावांचून पान उलटूं नये.

अभ्यासासाठीं: ५०,००० व ८६,३९९ सेकंदांचे तास, मिनिटें व सेकंद करा, ताळाही लिहून दाखवा.