जुन्या दुनळी बंदुकीची ओळख आणि तिचे मोल

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या कोवलमच्या किल्ल्याला इंग्रज-फ्रेंच संघर्षाच्या इतिहासात लहानसे स्थान आहे; क्लाइव्हने तो 1752 मध्ये फ्रेंचांकडून घेतला. या किनाऱ्यावरील एखाद्या घरात जुनी दुनळी बंदूक निघाली, की तिचे नाते त्या लढाईशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि बिजागरीवर वाकवून मागून काडतूस भरावयाची दुनळी त्या काळातील असणे शक्य नाही. अशा रचनेचा प्रसार फ्रान्समधील लफोशे याच्या 1830 नंतरच्या प्रयत्नांपासून झाला. 1752 ची बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडाने दारू-गोळी भरून गजाने ठासावयाची. घरातील आख्यायिका आणि वस्तूची साक्ष यांत विरोध आला, तर वस्तूचेच म्हणणे ग्राह्य धरावयास हवे.

बंदूक हाती घेताच ती रिकामी असल्याची खात्री करावी. मग वाचनास लागावे. वाचन हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीवरील नाव प्रथम डोळ्यांत भरते आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स या पेढीचे नाव अनेक जुन्या बंदुकांवर आढळते. परंतु ही पेढी प्रामुख्याने घड्याळे व जवाहिर यांसाठी प्रसिद्ध होती. असे नाव बहुधा विक्रेत्याचे असते, घडविणाऱ्याचे नव्हे. हस्तलिखिताच्या पुष्पिकेतील लेखनिकाला ग्रंथकार मानण्यासारखीच ही चूक होय. उलट, मँटनसारखे प्रतिष्ठित नाव दिसले म्हणूनही हुरळून जाऊ नये. जोसेफ मँटन 1835 मध्ये निवर्तला. काडतुसी बंदुकीवरील त्याचे नाव त्याच्या हातची साक्ष देत नाही. बेल्जियममधील लिएझ येथील मुद्रा आणि इंग्रजी नाव एकत्र दिसल्यास संशय अधिकच बळावतो.

खरा पुरावा नळ्या काढल्यावर त्यांच्या बुडाशी, सपाट भागावर मिळतो. लंडनच्या बंदूक-कारागीर संघास 1637 मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 मध्ये स्थापन झाले. तेथे जादा दारूचा बार काढून नळी पारखली जाई व मुद्रा उमटविली जाई. मुकुटाखालील ‘बी.पी.’, ‘एन.पी.’ ही बर्मिंगहॅमची अक्षरे 1904 नंतरची. त्यापूर्वी तेथे मुकुटासह आडवे छेदणारे राजदंड असत. अ‍ॅन्सन व डीली यांनी 1875 मध्ये पेटंट घेतलेली, घोडे आत दडविणारी रचना दिसली, तर बंदूक त्यानंतरची ठरते. घोडे बाहेर असल्यास मात्र ती त्यापूर्वीचीच, असे म्हणता येत नाही. तशा बंदुका पुढेही बनत राहिल्या.

नळीवर वळणावळणाची नक्षी असेल, तर ती लोखंड व पोलाद पिळून एकजीव केलेली ‘दमास्कस’ नळी होय. दिसावयास ती मनोहर असते. पण तीत ‘एन.पी.’ची मुद्रा नसताना खडकीचे आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. मुद्रा असली तरी गंजाने अथवा घासकामाने नळी पातळ झाली असल्यास ती निरर्थक ठरते. कोवलमच्या खाऱ्या हवेत गंज विशेषतः जोडपट्टीखाली, नजरेआड वाढतो. तेथे निकामी झालेली नळी ठोकली असता खणखणण्याऐवजी बद्द वाजते. दस्त्यावरील कोरीवकामाला भुलणारे अनेक. पण किमतीचा मुख्य आधार या नळ्याच आहेत.

लंडनच्या लिलावातील आकडा येथे उतरवून घेण्यात अर्थ नाही. भारतात खरेदीदारास परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला, वारशाने आलेल्या धरून, दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. शंभर वर्षांवरील वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि मग खासगीरीत्या ती परदेशी पाठविता येत नाही. मागणी अशी आकुंचित झाल्यामुळे उत्तम बंदुकीलाही येथे सामान्य भाव येतो.

परवानाधारक निवर्तल्यावर ती पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मुदतीत वारसाने व्यवस्था न केल्यास ती सरकारजमा होऊ शकते. परवान्यातील वर्णन बहुधा बोअर, नळ्या आणि क्रमांक यांपुरते असते. म्हणून जमा करण्यापूर्वी बुडाकडील मुद्रांची छायाचित्रे घ्यावीत, नळीची मापे टिपावीत. आणि नवी झळाळी आणण्यासाठी ती घासू मात्र नये, कारण घासण्याने ‘एन.पी.’ पुसट होऊ शकते.