पानगळीतला चिखलदरा

प्रश्न : झाडे आणि पक्षी पाहत पायी फिरायला चिखलदऱ्याला पावसाळ्यातच जावे का? फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल ओकेबोके असते, असे ऐकले.

उत्तर : पक्षी पाहायचे असतील, तर हे ओकेबोके जंगलच तुमच्या फायद्याचे आहे. चिखलदरा ज्या मेळघाटात आहे, तिथे साग मुबलक. त्याची पाने झडली की एरवी पानांआड राहणारा पक्षी नजरेस पडतो. रानपिंगळ्याचेच पाहा. 1884 नंतर या छोट्या घुबडाची खात्रीशीर नोंद नव्हती. 1997 मध्ये तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. तो दिवसाही वावरतो, उघड्या फांदीवर बसतो. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पळसही फुलतो आणि मधुरसासाठी पक्षी त्यावर गर्दी करतात. म्हणून खूप चालण्यापेक्षा फुललेल्या झाडापाशी शांत थांबणे अधिक फळते.

पावसाळ्याची बाजूही खोटी नाही. रानफुले, नेचे, धबधबे तेव्हाच बहरात असतात. मात्र दाट धुक्यात दुर्बीण निरुपयोगी ठरते. तेव्हा वनस्पतींसाठी पावसाळा आणि पक्ष्यांसाठी पानगळ, अशा दोन फेऱ्या ठेवा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी शिरू नका आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज कधीही वाजवू नका.