व्होल्टेज कमी, तरी मोटार का जळते?



निफाड, दिंडोरीकडच्या मुलांना 'मोटार जळाली' हे वाक्य नवीन नाही. का जळाली विचारलं तर लगेच उत्तर येतं, "व्होल्टेज कमी होतं!" मग पुढचा प्रश्न टाका. दाब कमी असेल तर मोटार हळू चालावी, जळते कशी? आपला आजचा पाठ इथूनच सुरू होतो.

१) दाब जातो कुठे?

मुलांना द्राक्षबागेतलं ठिबक आठवायला सांगा. नळी लांब आणि बारीक असली की शेवटच्या झाडापाशी पाण्याचा जोर कमी होतो. तारेचंही तसंच. घरी २३० व्होल्ट आणि थ्री फेजला ४१५ व्होल्ट अपेक्षित असतात. पण डीपीपासून मळा लांब, तार बारीक आणि लाईट आल्याबरोबर ऑटो-स्विचमुळे सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू! प्रवाह वाढला की तारेतच जास्त दाब खर्च होतो.

मोठ्या मुलांकडून हे गणित करून घ्या. १०० मीटरवर सिंगल फेज मोटार आहे, ती ७ अँपिअर घेते. जाणारी आणि येणारी मिळून तार २०० मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण २.४ ओहम. ७ × २.४ = जवळपास १७ व्होल्ट वाटेतच गेले. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर साधारण साडेसहाच जातात.

धक्क्याला लागलेल्या बोटीचंही हेच. काठावरून केबलने वीज घेतात. शेजारच्या बोटींनीही एसी लावले की शेवटच्या बोटीत दाब उतरतो आणि फ्रीज, एसीच्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. कॉम्प्रेसरमध्येही मोटारच असते ना!

२) मग जळते का?

१००० वॉटचा हीटर १८० व्होल्टवर साधारण ६१० वॉटच देतो. पाणी उशिरा तापेल, हीटरचं काही बिघडणार नाही. मोटारीचं तसं नाही. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून दाब कमी पडला की ती प्रवाह जास्त ओढते. सुरू होतानाचा जोर तर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो. १८० व्होल्टवर तो फक्त ६१ टक्के उरतो. मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते. तेव्हा ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते आणि वाइंडिंग तापून जळतं.

३) वर्गात करून पाहा

दोन सेल, टॉर्चचा बल्ब, वायर आणि पेन्सिलचं शिसं घ्या. शिसं सर्किटमध्ये जोडून वायरचं एक टोक त्यावर सरकवा. अंतर वाढलं की बल्ब मंद होतो. प्रयोग फक्त सेलवरच करायचा, घरच्या प्लगला हात लावायचा नाही, हे आधी बजावून सांगा.

पालकांनी काय करावं?

- स्टार्टर दाबण्याआधी व्होल्टमीटर बघा. दाब फार कमी असेल तर थांबा.
- मोटार चालू असताना डीपीजवळचा आणि मोटारीजवळचा दाब जाणकार वायरमनकडून मोजून घ्या. मोटारीजवळच कमी असेल तर तार किंवा सैल जोड बघा. डीपीलाच कमी असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा.
- योग्य कपॅसिटर बसवा, लाईनवरचा प्रवाह कमी होतो. ऑटो-स्विच काढा.
- स्टेबिलायझर दाब वाढवतो, पण त्यासाठी लाईनमधून जास्त प्रवाह घेतो. बारीक तारेवर तो उपाय अपुरा पडतो.
- ओव्हरलोड रिले ट्रिप झाला तर पुन्हा पुन्हा दाबू नका, तो बांधून तर मुळीच ठेवू नका.

आणि एक कळकळीची विनंती. रात्री, ओल्या पायांनी, "जा रे, मोटार चालू करून ये" म्हणून लेकरांना पाठवू नका. मोटार पुन्हा भरून आणता येते.

घरचा अभ्यास: आपल्या घरातल्या कोणकोणत्या वस्तूंमध्ये मोटार आहे? मोठ्यांना विचारून यादी करा.